पाळकाचा सोमवार

त्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी सात महिन्यांच्या बाळाचा दफनविधी केला आणि संध्याकाळी पाच वाजता त्याच मंडळीतलं एक लग्न लावलं. बाळाची पेटी एवढी लहान होती की बापाने ती कुणाला खांद्यावर घेऊच दिली नाही. दोन्ही हातांवर धरून तो कबरस्तानापर्यंत चालत आला. पावसाचे दिवस होते. काळ्या मातीचा चिखल चपलांना चिकटून पाय जड झाले होते. दुपारी घरी येऊन आंघोळ केली, झग्याला इस्त्री केली आणि लग्नाला उभा राहिलो. पंगतीत नवरीच्या मामांनी हात धरून सांगितलं, "साहेब, असा संदेश आजवर ऐकला नव्हता." रात्री साडेदहाला मोरीत बसून मी चपलांची माती काढत होतो. ती निघता निघेना. पत्नीने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही. उद्या रविवार आहे."

नऊ-दहा दिवसांनी धाकट्या मुलीच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं आणि मी तिच्यावर असा ओरडलो की कंपाऊंडमधले शेजारी दारात आले. सांडलेल्या दुधासाठी कुणी एवढं ओरडत नाही. ते ओरडणं कुठून आलं हे मला त्या दिवशी कळलं नाही. कळायला आणखी चार वर्षं गेली, आणि तेही डॉक्टरांनी रक्तातली साखर तीनशेच्या वर गेल्याचं दाखवून "झोप किती तास होते?" असं विचारलं तेव्हा.

नगर जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या मंडळ्यांत मी तीस वर्षं पाळक म्हणून काढली. आता निवृत्त आहे. सेमिनरीतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली भेटायला येतात, तेव्हा उपदेशाची तयारी कशी करावी हे विचारतात. स्वतःला कसं सांभाळावं हे कुणी विचारत नाही, कारण तो प्रश्न विचारणं म्हणजे विश्वास कमी पडल्याची कबुली, असं त्यांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून न विचारताच सांगतो.

आधी थोडा इतिहास, कारण आपली अडचण तिथे सुरू झाली. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिक भागात दौऱ्यावर असताना पटकीने गेले. वय एक्केचाळीस. त्या पहिल्या पिढीतले कितीतरी जण आणि त्यांची लेकरं पटकीने, तापाने अशीच गेली. मिशन चालवणाऱ्यांनी त्यातून धडा घेतला. दक्षिणेत मदुराईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ साली कोडाईकनालला डोंगरावर घरं बांधली, ती प्रकृती सांभाळण्यासाठीच. आपल्याकडचे मिशनरी महाबळेश्वरच्या थंड हवेला जात. काही वर्षांनी एकदा मायदेशी लांब रजा असे. ही मंडळी सेवेत कमी पडत होती असं कुणी म्हणणार नाही. माणूस जगला तरच काम चालेल, हा साधा हिशेब त्यांनी घातला होता आणि तो नियमात बसवला होता.

पुढे मिशनरी गेले. त्यांचे बंगले, शाळा, चर्चची घंटा, बाप्तिस्म्यांची नोंदवही, सगळं आपल्या लोकांच्या हाती आलं. त्यांची रजा मात्र बहुतेक ठिकाणी आली नाही. एतद्देशीय पाळकाने थकायचं नसतं, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण वागणूक तशीच राहिली, आणि आपणही ती मुकाट्याने स्वीकारली. वसई किंवा गोव्यातल्या फादरांची स्थिती कागदावर तरी याहून बरी आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत धर्मगुरूंना वार्षिक साधना घालून दिली आहे आणि सुट्टीचा हक्कही आहे. पॅरिशच्या मुख्य धर्मगुरूला वर्षात एक महिन्यापर्यंत सुट्टी घेता येते आणि साधनेचे दिवस त्यात धरले जात नाहीत. आपल्या प्रॉटेस्टंट आणि स्वतंत्र मंडळ्यांत असं काही लिहिलेलं सापडलं तर पाहा. बहुधा सापडणार नाही. विश्रांती ही पाळकाच्या नशिबावर किंवा पंचांच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट आहे. माझं सगळं सांगणं या एका मुद्द्याशी येऊन थांबतं: ती मर्जीवर सोडू नका, व्यवस्थेत बसवा.

थकवा ओळखायचा कसा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या या झिजेचं वर्णन केलं. त्यात तीन गोष्टी येतात: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पहिली खूण सगळ्यांना दिसते. दुसरी पाळक लपवतो. मोबाईलवर एखाद्या विश्वासणाऱ्याचं नाव उमटलं की पोटात गोळा येतो. आजाऱ्याच्या खाटेजवळ तोंडाने प्रार्थना चालू असते आणि मन भिंतीवरच्या घड्याळात असतं. एखाद्या कुटुंबाचं दुःख ऐकताना "यांचं नेहमीचंच आहे" असं आतून कुणीतरी बोलतं. हे होऊ लागलं की स्वतःला ढोंगी समजून आणखी काम अंगावर घेऊ नका. मी तेच केलं होतं. ढोंग वेगळं आणि रिकामी झालेली विहीर वेगळी. विहीर रिकामी असेल तर पोहरा जास्त वेळा सोडून पाणी येत नाही.

पहिली गोष्ट सोमवार. लोकांचा सुट्टीचा दिवस हा आपला सर्वांत मोठा कामाचा दिवस. उपासना, शब्बाथ शाळा, दुपारी दोन-तीन घरांत चहा आणि प्रार्थना, संध्याकाळी तरुण संघ. त्यामुळे शब्बाथाची आज्ञा शिकवणाराच ती सगळ्यांत जास्त मोडतो. सोमवार आपला ठेवा. नोकरी करून सेवा करणाऱ्यांना सोमवार जमणार नाही, त्यांनी दुसरा दिवस धरावा. पूर्ण दिवस नाहीच मिळाला तर दुपारी बारापासून रात्रीपर्यंतचा अर्धा दिवस पक्का करावा. त्या दिवशी पुढच्या रविवारचा संदेश काढायचा नाही. सभेची पत्रं लिहायची नाहीत. कंपाऊंडमध्ये राहत असाल तर घराबाहेर पडा, कारण दार उघडं दिसलं की माणूस येणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. मी बसने तालुक्याला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन तास बसायचो. पत्नीबरोबर भाजीबाजार करायचो. पहिले तीन-चार सोमवार फार अपराधी वाटलं. मग एका आजीबाईंनी रविवारी स्वतःहून सांगितलं, "उद्या तुमचा दिवस ना, मी मंगळवारी येते." लोक शिकतात. त्यांना आधी सांगावं लागतं, एवढंच.

सांगायचं कसं, तेही सांगतो, कारण तिथेच आपली जीभ अडते. व्यासपीठावरून घोषणा करून नव्हे. पंचांशी आधी बोला, त्यांच्यातल्या एकाचं नाव आणि नंबर सोमवारसाठी ठरवा, आणि मग सेक्रेटरींनी सूचनांमध्ये वाचून दाखवावं. मृत्यू, अपघात, दवाखान्यात भरती, घरात मारहाण, कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर कोणत्याही वारी, कोणत्याही वेळी फोन करावा. बाकी सर्व गोष्टी मंगळवारी. ही सीमा लिहून ठेवली की रात्री साडेअकराला वधूवर-पत्रिकेच्या मजकुराबद्दल येणारे फोन आपोआप कमी होतात. तरीही आला, तर रागावू नका. "ताई, मला हे नीट ऐकायचं आहे, आणि आत्ता ते जमणार नाही. उद्या अकराला मी तुमच्याकडे येतो." आणि अकराला जा. शब्द पाळला की लोक थांबतात.

व्हॉट्सअॅपबद्दल एकच. मंडळीच्या ग्रुपवर प्रत्येक वचनाला, वाढदिवसाला आणि प्रार्थनाविनंतीला पाळकाने उत्तर द्यायचं, ही प्रथा पडू देऊ नका. ती पडली असेल तर तरुण संघातल्या कुणाकडे ते काम सोपवा. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आवाज चालू ठेवून.

आता त्या लहान पेटीकडे परत येतो, कारण माझ्या मते पाळकाला सर्वांत जास्त हेच पोखरतं. शिक्षक, बँकेतला कारकून, दुकानदार, कुणालाही आपल्या कामात एवढे मृत्यू जवळून पाहावे लागत नाहीत. डॉक्टर पाहतो, पण तो त्या घरी नंतर महिनाभर चहाला जात नाही. आपण जातो. शिवाय आपण ज्याला माती देतो, त्याला आपण ओळखत असतो. त्याचा बाप्तिस्मा आपणच केलेला असतो, त्याचं लग्न आपणच लावलेलं असतं. दफनविधीत रडायची सोय नसते, कारण सगळे आपल्याकडे बघून उभे असतात. मग ते रडणं जातं कुठे? माझ्या बाबतीत ते दुधाच्या पातेल्यापाशी निघालं.

नंतर मी एक वही केली. साधी, शंभर पानी. प्रत्येक दफनानंतर, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, त्यात एक पान लिहायचो. गेलेल्या माणसाचं नाव, मला त्याची आठवणारी एक गोष्ट, आणि त्या दिवशी मला स्वतःला काय झालं, एवढं तीन-चार ओळींत. बाळाचं पान मी चार वर्षं उशिरा लिहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. ही वही कुणाला दाखवायची नाही, म्हणून त्यात सुंदर लिहायची गरज नाही. दुसरं, दफनानंतर लगेच दुसरा कार्यक्रम असेल तर मध्ये निदान अर्धा तास एकट्याने बसा. चर्च रिकामं असतं, तिथे बसा. शक्य असेल तर त्या दिवशीचं लग्न शेजारच्या पाळकाला लावू द्या. नवरीच्या घरचे चार दिवस नाराज होतील, नंतर विसरतील.

पण वहीने सगळं होत नाही. बोलायला माणूस लागतो. कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदन करायला दुसरा धर्मगुरू असतो, पुष्कळांना आध्यात्मिक मार्गदर्शक असतो. आपण सगळ्यांचं ऐकतो आणि आपलं ऐकायला कुणी नाही. बिशपांशी किंवा वरिष्ठांशी बोलावं, तर बदली त्यांच्याच हातात, त्यामुळे जीभ मोकळी होत नाही. मंडळीतल्या जवळच्या मित्राशी बोलावं, तर उद्या तोच पंचांत निवडून येतो. पत्नीवर सगळं ओतणं हा अन्याय आहे, त्या बिचारीला पुढच्या रविवारी त्याच बायकांच्या शेजारी बसायचं असतं.

मला मार्ग सापडला तो शेजारच्या तालुक्यात. दुसऱ्या पंथाचे, माझ्याहून सात वर्षांनी मोठे पाळक. आमच्यात ना वरिष्ठ-कनिष्ठ, ना एकाच बिशपांची सावली. महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात दोन तास. पहिला तास एकाने बोलायचं, दुसरा तास दुसऱ्याने. नियम एकच होता: दुसऱ्याचं गुपित सांगायचं नाही, आपलं सांगायचं. अमक्या घरात काय घडलं हे बोलायची गरजच नसते. त्या घरातून बाहेर पडल्यावर मला काय झालं, कशाची भीती वाटली, कुणाचा राग आला, एवढंच बोलायचं. माझं वचन मोडत नाही आणि छातीवरचं ओझं उतरतं. हा माणूस शोधायला मला पंधरा वर्षं लागली, कारण मी शोधलाच नव्हता. तुम्ही या महिन्यात शोधा. स्त्री-पाळकांसाठी हे आणखी गरजेचं आहे. एकाच तालुक्यात दुसरी स्त्री-पाळक सहसा नसते, आणि व्यासपीठावरचं काम संपवून घरी स्वयंपाक, सासू-सासरे, मुलांचा अभ्यास हे सगळं तिच्याच वाट्याला असतं. महिन्याचा एक तास फोनवर का होईना, ठरलेला असावा.

घराबद्दल लिहायचं तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवतात. नारायण वामन टिळक हे केवढे मोठे ख्रिस्तसेवक आणि कवी, आणि त्या मोठेपणाचा खर्च घरातल्या माणसांनी कसा सोसला, हे त्या पुस्तकात जितकं खरं आलं आहे तितकं कुठल्याही सेवाचरित्रात नाही. पाळकांनी ते वाचावं, आणि वाचताना आपलं घर डोळ्यांसमोर ठेवावं. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची तारीख डायरीत प्रभुभोजनाच्या तारखेसारखीच लिहा. "पाळकाची मुलं ना तुम्ही?" असं म्हणून कुणी आपल्या लेकरांना टोकलं, तर त्या वेळी लेकरांच्या बाजूने उभे राहा. आपली मुलं चर्चपासून दूर जातात ती बहुधा देवाला कंटाळून नाही. बाप सगळ्यांचा आणि त्यांचाच नाही, हे पाहून जातात.

पैशाचं थोडक्यात. मंडळीतल्या कुणाकडून उसने घेऊ नका, कितीही प्रेमाने दिले तरी. एकदा घेतले की त्या घराला खरं बोलताना तुमचा आवाज बदलतो. मानधन ठरलेल्या तारखेला मिळावं हे मागणं लोभ नाही. पार्सनेज आपलं घर नव्हे, हे पहिल्याच वर्षी लक्षात घ्या आणि निवृत्तीनंतर कुठे राहणार याचा विचार तिशीत सुरू करा. पोस्टात महिना पाचशे रुपये टाकले तरी चालतील, पण टाका. ही काळजी रात्री दोन वाजता उठवते, म्हणून ती आरोग्याच्या लेखात आली.

शरीराबद्दलही फार बोलत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त घरभेटींचा चहा. दिवसाला सहा घरं म्हणजे सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि बरोबर फरसाण. माझी साखर अशीच वाढली. "पाणी द्या, ताई, चहा तुमच्याकडे पुढच्या वेळी" असं म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा.

पण एक गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी. थकवा आणि नैराश्याचा आजार यांत फरक आहे. सोमवार घेतला, झोप झाली, चार दिवस बाहेर जाऊन आलात आणि तरी दोन आठवड्यांहून जास्त काळ मन काळवंडलेलंच आहे, कशातच गोडी नाही, पहाटे तीनला जाग येते आणि उजाडूच नये असं वाटतं, मरणाचे विचार येतात, तर हा विश्रांतीचा प्रश्न राहिला नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, आणि समोरचा माणूस तुम्ही पाळक आहात का हे विचारत नाही. गोळी घेणं म्हणजे विश्वास ढळणं, असं आपल्याच व्यासपीठांवरून सांगितलं गेलं आहे, आणि त्याने फार नुकसान केलं आहे. मधुमेहाची गोळी घेताना मला कुणी अविश्वासू म्हटलं नाही. चार्ल्स स्पर्जन हे एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडमधले सर्वांत गाजलेले उपदेशक. १८५६ साली लंडनमध्ये त्यांच्या सभेत कुणीतरी आग लागल्याची आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर त्यांना खिन्नतेचे झटके येत राहिले, आणि आपल्या विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांनी ते लपवलं नाही. पाळकांना हे होतं, हे त्यांनी एका अख्ख्या व्याख्यानात सांगितलं. आपण मात्र अजून कुजबुजतो.

मंडळीच्या पंचांनीही हे वाचावं म्हणून शेवटचं त्यांच्यासाठी. गणनाच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय काढा. लोक कांदा-लसणाच्या आठवणीने आपापल्या तंबूच्या दारात रडताहेत आणि मोशे इतका थकला आहे की तो देवाकडे मरण मागतो. देव त्याला अधिक उपास करायला सांगत नाही, त्याची कानउघाडणीही करत नाही. सत्तर वडील माणसं गोळा करायला लावतो आणि भार त्यांच्यात वाटून देतो. हा भार वाटणं पंचांचं काम आहे. दवाखान्यातल्या भेटींचे वार वाटून घ्या. कॉटेज प्रार्थना दोन वडिलांनी चालवाव्यात. डिसेंबरमध्ये कॅरल्सच्या फेऱ्या, चोवीसची रात्र, नाताळची उपासना आणि एकतीसची मध्यरात्र असा महिना गेला की जानेवारीचा पहिला आठवडा पाळकाला पूर्ण मोकळा द्या, त्या रविवारचा वक्ता नोव्हेंबरातच ठरवा. उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थान दिनानंतर तसंच. वर्षाची सुट्टी किती दिवसांची, त्या काळात उपासना कोण घेणार, बदली पाळकाचा प्रवासखर्च कोणत्या खात्यातून, हे ठरावात लिहा. लिहिलेला ठराव पाळक बदलला तरी राहतो, आणि नंतर येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून मागावं लागत नाही.

पुढच्या पंचसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घाला, घंटेच्या दुरुस्तीच्या आधी. आणि पाळकहो, तो विषय वाचला जाईल तेव्हा खाली बघू नका. आपल्याला काय हवं आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगा.